आईचा बाप्तिस्मा

तेबिआन, ३ मार्च १९८७

सागेनदादा,

तुझा पत्ता मला रितोंगकाकांनी दिला. लाबुआन बेटावरच्या गोदीत तू त्यांच्याच खोलीत राहायचास म्हणाले. अंगानं भरलायस, कानशिलावर केस पिकलेत, आणि गावाचं नाव निघालं की उठून बाहेर जातोस, एवढं त्यांनी सांगितलं. पंधरा वर्षांत तुझ्याबद्दल मला कळलेलं एवढंच.

बाबा गेले तेव्हाही मी लिहिलं होतं, पण कुठल्या पत्त्यावर पाठवायचं ते ठाऊक नव्हतं. त्याला आता आठ वर्षं झाली.

आई आजारी आहे. पोट फुगलंय, पाय सुजलेत, डोळे पिवळे झालेत. आम्ही तिला कुचिंगला, शहरातल्या मोठ्या दवाखान्यात नेलं होतं. डॉक्टरांनी पोटावर बोटं वाजवून पाहिली, मग मला बाहेर बोलावून म्हणाले, घरी न्या आणि जे खावंसं वाटेल ते द्या. तिला काहीच खावंसं वाटत नाही. बांबूत शिजवलेली कोंबडी केली, तर नुसता वास घेतला आणि म्हणाली, छान झालीय, तू खा.

मी इथंच असते, आपल्याच घरात. माझं लग्न एलियासशी झालं, शाळेवर मास्तर आहे, रविवारी पाळक आले नाहीत तर उपासनाही तोच चालवतो. मी लहान मुलांना पवित्र शास्त्र शिकवते. आम्हाला मूल नाही.

एक आनंदाची गोष्ट सांगायचीय, मुख्यतः तेवढ्यासाठीच लिहायला बसले. आई बाप्तिस्मा घेणार आहे. ईस्टरच्या रविवारी, १९ एप्रिलला. पाळकांनी विचारलं तेव्हा तिनं मान हलवली. सगळ्या गावात ती एकटीच राहिली होती दादा. तू आलास तर तिला फार बरं वाटेल. तुझं आणि बाबांचं जे काही होतं ते बाबांबरोबर मातीत गेलं असं समज.

तुझी बहीण,
रूथ


२९ मार्च

सागेनदादा,

तुझं उत्तर आलं नाही. पोस्टमन आठवड्यातून एकदाच वर येतो, त्यामुळे मी अजून वाट पाहते आहे.

मागच्या पत्रात मी एक गोष्ट नीट लिहिली नाही. पाळकांनी विचारलं तेव्हा आईनं मान हलवली खरी, पण तेव्हा ती डुलक्या घेत होती. मला ते दिसत होतं. पाळकांनाही दिसलं असावं. ते काही बोलले नाहीत आणि मीही बोलले नाही.

परवा ते पुन्हा आले. लुकास त्यांचं नाव, माझ्याहून लहान आहेत, पलीकडच्या नदीवरच्या गावचे. आईशेजारी चटईवर मांडी घालून बसले आणि तारणाबद्दल सांगू लागले. म्हणाले, हे आमंत्रण सगळ्यांना आहे मावशी, राजाला, चोराला, काल जन्मलेल्याला, आज मरणाऱ्याला. काही आणायचं नाही, काही करून दाखवायचं नाही, फक्त हो म्हणायचं. चांगलं बोलतात ते. ऐकताना माझेच डोळे भरून आले.

आईनं सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "तिथे पान-सुपारी मिळते?"

पाळक हसले. म्हणाले, "तिथे कसलीच तलफ येत नाही, मावशी."

"मग म्हाताऱ्या बायका दिवसभर करतात तरी काय?"

आम्ही सगळेच हसलो. आईही हसली, मग तिला धाप लागली. धाप उतरल्यावर तिनं विचारलं, "सगळ्यांना बोलावतो म्हणतोस. मग माझ्या सिमोला का नाही बोलावलं?"

पाळकांना सिमोबद्दल काही माहीत नव्हतं. मीच सांगितलं. आमची धाकटी बहीण, सहा वर्षांची, तापानं गेली. बाप्तिस्मा नाताळला ठरला होता, ती त्याआधी दोन आठवडे गेली. तेव्हाच्या मिशनच्या गुरुजींनी सांगितलं की बाप्तिस्मा झालेला नाही, त्यामुळे नव्या कबरस्तानात जागा नाही आणि प्रभूच्या घरातही नाही. म्हणून तिला ओढ्यापलीकडे जुन्या माणसांच्या स्मशानात ठेवलं. तू नेलंस, हेही मी सांगितलं.

पाळक म्हणाले, "ती कुठे आहे ते मला ठाऊक नाही, मावशी. देव दयाळू आहे, एवढंच मला ठाऊक आहे."

"त्या पहिल्या गुरुजीला सगळं ठाऊक होतं," आई म्हणाली. "तुला काहीच ठाऊक नाही. तुमच्यात शिकून शिकून माणूस कमी होत जातो की काय?"

पाळक गेल्यावर आईनं मला हाक मारली, "सुरिन." ती मला अजून सुरिनच म्हणते, रूथ नाही. म्हणाली, "पोरगा बरा आहे. खोटं बोलत नाही. पण मी सिमोकडे जाणार. ते लेकरू पंधरा वर्षं एकटं आहे तिकडे, तुझे बाबा इकडे नव्या कबरस्तानात येऊन बसले. तिला कोण आहे?"

मी तिला खूप समजावलं. प्रार्थना केली. ती भिंतीकडे तोंड करून झोपली.

दादा, तू ये. तुझं ती ऐकेल.

रूथ


१२ एप्रिल, ईस्टरआधीचा झावळ्यांचा रविवार

सागेनदादा,

तुझं पत्र आलं. चार ओळी. येणार नाहीस, बाबांच्या देवाच्या गावात पाय ठेवणार नाहीस, आईला जुन्या रीतीनं जाऊ दे, आणि तिला सांग सागेन तिला विसरलेला नाही. शेवटचं तेवढं मी तिला वाचून दाखवलं. तिनं कागद मागून घेतला, वाचता येत नाही तरी बराच वेळ पाहिला आणि उशीखाली ठेवला.

जुन्या रीतीनं म्हणजे कसं, ते तूच सांग. मृतांना नेण्याचा मान ज्या घराण्याकडे होता, त्यातला शेवटचा म्हातारा तीन वर्षांपूर्वी वारला. त्याच्या मुलांनी बाप्तिस्मा घेतला, एक कुचिंगला टॅक्सी चालवतो. मंत्र म्हणणाऱ्या चार बायका होत्या. दोघी वारल्या. उरली आई आणि सुनोकमावशी, आणि मावशीनंही मागच्या वर्षी बाप्तिस्म्याचं पाणी घेतलं. काल ती आईला भेटायला आली होती. दोघी पान चघळत बसल्या.

आईनं तिला विचारलं, "तू का गं गेलीस त्यांच्यात?"

मावशी म्हणाली, "मला उचलणार कोण होतं? त्यांच्याकडे सहा जण येतात उचलायला. गाणी म्हणतात, वर चहासुद्धा देतात."

"एवढ्यासाठी?"

"तुला वाटतं तेवढी लहान गोष्ट नाही ती."

मावशी निघताना आईनं तिचा हात धरून ठेवला, सोडेचना. मावशी जिन्यावर बसून रडली. मला म्हणाली, हिला एकटीला मागे ठेवून गेले मी, माझ्याइतकी भेकड बाई नाही.

आता जे लिहायचंय, त्यासाठी सकाळपासून तीन कागद फाडले.

त्या दिवशी दुपारी तू मिरीच्या मळ्यावर होतास. तुला फक्त संध्याकाळनंतरचं माहीत आहे. सिमोला तापाचा तिसरा दिवस होता. बाबा शाळेच्या छपराखाली गुरुजींकडे शास्त्रपाठाला गेले होते. आईनं आणि सुनोकमावशीनं दार आतून लावून घेतलं, ताटात तांदूळ मांडले, काशाची थाळी बाहेर काढली आणि सिमोच्या जिवाला हाका मारायला सुरुवात केली. सिमो, परत ये. सिमो, वाट इकडे आहे. मी तेव्हा चौदा वर्षांची होते. माझ्या बाप्तिस्म्याला चारच महिने झाले होते आणि गुरुजींनी सांगितलं होतं की ती थाळी वाजली की सैतान घरात येतो. मी घाबरले. मला वाटलं सैतान सिमोला नेईल. मी मागच्या जिन्यानं उतरले आणि पळत शाळेत गेले.

बाबांना मी सांगितलं, दादा.

बाबा आणि गुरुजी आले. बाबांनी थाळीवर हात ठेवला आणि आवाज थांबला. गुरुजींनी तांदळाचं ताट बाहेर नेऊन रिकामं केलं. आई ओरडली नाही. एवढंच म्हणाली, अर्ध्या वाटेवर होती ती, आता कशी येईल? दुसऱ्या दिवशी तू सिमोला पाठीवर घेऊन दवाखान्याच्या वाटेला लागलास, आणि ती तुझ्या पाठीवरच गेली. परत आल्यावर तू बाबांना विचारलंस, थाळी वाजतेय हे तुम्हाला शाळेत बसून कसं कळलं? बाबांनी माझ्याकडे पाहिलं. एकदाच. मग म्हणाले, मला ऐकू आलं.

शाळेपर्यंत आवाज जात नाही. तुलाही ते ठाऊक होतं. बाबा घरावर पाळत ठेवत होते, आईला पकडायलाच टपले होते, असा अर्थ तू लावलास आणि त्यांच्या तोंडावर थुंकून गेलास. ते मरेपर्यंत कुणापाशी काही बोलले नाहीत. मीही बोलले नाही. आधी धीर झाला नाही, आणि नंतर सवय झाली.

कुठल्याच थाळीनं सिमो वाचली नसती, असं एलियास म्हणतो. दोन दिवस आधी दवाखान्यात नेलं असतं तर कदाचित. त्याचं बरोबर असेल.

हे कळल्यावर तू येशील की कधीच येणार नाहीस, मला सांगता येत नाही. मी उद्या पोस्टात टाकते आहे.

सुरिन


२७ एप्रिल

सागेनदादा,

आई शुक्रवारी, २४ तारखेला, दुपारी दोनच्या सुमारास गेली. त्रास झाला नाही. माझ्या मांडीवर डोकं होतं.

तिनं ईस्टरला बाप्तिस्मा घेतला. तिला देवळात नेता येत नव्हतं, म्हणून पाळक आणि सगळी मंडळी उपासना संपल्यावर आपल्या घरी आली. ओसरीवर पाय ठेवायला जागा नव्हती. पाळकांनी बाप्तिस्म्याचे तिन्ही प्रश्न विचारले आणि तिनं तिन्हींना हो म्हटलं, स्पष्ट आवाजात. तिचं नाव मरियम ठेवलं. सुनोकमावशीनं तिचं डोकं पुसलं. लोकांनी गीत म्हटलं, कित्येक जण रडले. गावातलं शेवटचं माणूस आत आलं, असं एलियास म्हणाला.

तिला बाबांच्या शेजारी ठेवलं. सहा जणांनी उचललं.

तार करायचा विचार होता, पण तू येणार नाहीस असं लिहिलं होतंस.

सुरिन


१४ जून

दादा,

तू येऊन गेलास त्याला महिना होत आला. तू पोचलास की नाही तेही कळलं नाही, पण मी तुला विचारायचं तरी कुठल्या तोंडानं.

तू वाटेवरून येताना दिसलास तेव्हा आधी मला बाबाच आले असं वाटलं. बूट हातात, प्लास्टिकची पिशवी, मान थोडी पुढे. तू घरात न येता आधी कबरस्तानात गेलास. मी कुंपणापाशी उभी होते. आईच्या मातीवर हात ठेवलास तो क्षणभर, आणि बाबांच्या कबरीवरचं गवत मात्र तासभर उपटत बसलास, मुळासकट, ढीग घालून. मी पाणी आणून दिलं ते प्यायलास. माझ्या पत्राबद्दल एक शब्द बोलला नाहीस. जेवताना मासे छान झालेत म्हणालास, एलियासला पगार विचारलास. मला वाटत होतं, तू मला मारावंस. निदान ओरडावंस.

आणि रस्त्याला लागताना विचारलंस, "आईनं मनापासून हो म्हटलं का?"

मी म्हणाले, हो.

तू म्हणालास, "मग बरं झालं," आणि ट्रकमध्ये चढलास.

दादा, तसं नव्हतं. तुला लिहिलेल्या प्रत्येक पत्रात मी काहीतरी लपवलं. हे आता शेवटचं लिहिते, यात मागे काही ठेवत नाही.

ते पत्र तुला टाकलं त्याच आठवड्यात, उत्तम शुक्रवारी, म्हणजे गुड फ्रायडेला, सगळे देवळात गेले होते आणि मी आईपाशी होते. तिला भाताची पेज भरवत होते. मध्येच चमचा खाली ठेवला आणि तिला सांगितलं की त्या दिवशी बाबांना मी बोलावून आणलं.

ती म्हणाली, "मला ठाऊक आहे. जिन्यावरून उतरताना पाहिलं होतं तुला."

मी विचारलं, मग इतकी वर्षं बोलली का नाहीस? दादाला का नाही सांगितलंस? तो दोष बाबांच्या डोक्यावर का राहू दिलास?

"तुझे बाबा मोठे होते, त्यांना झेपण्यासारखं होतं," ती म्हणाली. "तू चौदा वर्षांची होतीस. सागेन गेला, सिमो गेली. तुलाही घालवून बसले असते तर माझ्याजवळ कोण राहिलं असतं?"

मी तिच्या पायांवर डोकं ठेवून रडत होते. आणि रडता रडता, दादा, मी माझंच पुढे रेटलं. तेवढ्यातही. म्हटलं, आई, तू तिकडे गेलीस तर आपली भेट पुन्हा कधीच होणार नाही. मी मेल्यावरसुद्धा नाही. मला मूलबाळ नाही, मी कुणाकडे बघायचं? मला ते सहन होणार नाही.

हे मी तिला घाबरवायला म्हटलं नव्हतं. मला खरंच तसं वाटतं. अजूनही वाटतं.

ती खूप वेळ छताकडे बघत राहिली. मला वाटलं झोप लागली. मग म्हणाली, "तुझ्या पाळकाला बोलाव."

मी विचारलं, आणि सिमो?

"सिमोला एकटीनं राहायची सवय झाली असेल एव्हाना," आई म्हणाली. "तुला होणार नाही."

त्या वेळी मी म्हणू शकले असते, नको आई, तू जिथे जायचं तिथे जा. माझ्या तोंडात ते शब्द आलेही होते. पण मी उठले, चूल पेटवली, चहाचं आधण ठेवलं आणि उपासना सुटायची वाट पाहत बसले, एलियासला पाळकांकडे पाठवायला. मला आनंद झाला होता. हे तुला सांगायलाच हवं. इतक्या वर्षांत झाला नव्हता एवढा आनंद झाला होता.

ईस्टरला पाळकांनी तिन्ही प्रश्न विचारले आणि तिनं तिन्हींना हो म्हटलं, ते खरं आहे. तिसऱ्यांदा पाणी घातलं तेव्हा ते तिच्या कपाळावरून कानात जात होतं. तिनं माझी बाही ओढली. मी खाली वाकले. ती म्हणाली, "सिमोला कोणीतरी सांगा, आई येत नाही म्हणून. नाहीतर वाट बघत बसेल."

लोकांना वाटलं ती प्रार्थना पुटपुटते आहे. कुणीतरी आमेन म्हटलं. पाळकांनी मात्र ऐकलं. त्यांचा हात तसाच हवेत राहिला. मला वाटलं, आता हे थांबतील, काहीतरी बोलतील, तिला सांगतील की बाई, असं काही नाही, ती तिथेच आहे, तुझ्याआधी पोचलीय. पण तो माणूस ठाऊक नसलेलं बोलत नाही. मागून गीत सुरू झालं आणि त्यांनी हात खाली घेतला.

त्यानंतरचे पाच दिवस आई फारशी बोलली नाही. सुपारी दिली तर नको म्हणाली. सुनोकमावशी खुशीत होती, आता आपण दोघी एकाच ठिकाणी म्हणून. आई तिच्याकडे पाहून हसायची, परक्या माणसाकडे पाहून हसतो तसं.

माती दिल्यावर आठवड्यानं पाळक मला भेटले. म्हणाले, त्या दिवशी मी काहीतरी बोलायला हवं होतं. मी विचारलं, काय बोलला असतात? ते म्हणाले, तेच सुचत नाही. मी त्यांना विचारलं, प्रेमापोटी कुणी दुसऱ्यासाठी हो म्हटलं तर ते धरलं जातं का? ते म्हणाले, कदाचित तेच सगळ्यात जास्त धरलं जात असेल. मग म्हणाले, पण हे मी स्वतःच्या समाधानासाठी बोललो असेन, तुम्ही धरून चालू नका.

एलियास म्हणतो, झालं ते प्रभूच्या इच्छेनं झालं, आईचं तारण झालं. तो चांगला माणूस आहे. मी त्याच्याशी वाद घालत नाही. दर रविवारी उपासनेच्या शेवटी पाळक हात पसरून बोलावतात, ज्याला यायचं त्यानं यावं, कुणालाही ना नाही. ते खोटं आहे असं मला कधीच वाटलं नाही. मी मागच्या बाकावर बसते आणि लोक पुढे जाताना बघते. माझ्या जागेवरून उठवत नाही. मुलांचा वर्ग मी सोडला, घसा बसलाय असं कारण सांगून.

सिमोला सांगायला मी ओढ्यापलीकडे गेले होते. चारदा गेले. तिकडे आता कुणी जात नाही, वाट राहिलेली नाही, बांबूनं सगळं धरलंय. कोयता घेऊन गेले, हात सोलून घेतले. दोन मोठे दगड सापडले, पण ते मोठ्या माणसांचे असावेत. लहान असं काही दिसलं नाही. मी तिथे मधोमध उभी राहून मोठ्यानं सांगावं असंही मनात आलं, पण तिला ते ऐकू जाईल की नाही कोण जाणे, आणि भलत्याच कुणाला तरी सांगून परत यायचं मला नको आहे.

तिला तिथे तू ठेवलंस. तू एकटाच होतास, बाबा आले नव्हते आणि मला येऊ दिलं नव्हतं. जागा आठवत असेल तर लिहून पाठव, ओढ्यापासून किती पावलं, कुठल्या झाडाच्या कुठल्या हाताला. मला माफ केलं नसलंस तरी एवढं लिही. बाकी काही लिहू नकोस.

सुरिन